कॅमेरा कुणाच्या शेजारी उभा आहे?

(सानपाडा येथील व्याख्यानमालेत दादासाहेब फाळके यांच्या स्मृतीस अर्पण केलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



यंदाच्या मालेतले हे पुष्प दादासाहेब फाळके यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. दादासाहेबांचे नाव घेतले की बोलणे आपोआप 'राजा हरिश्चंद्र'कडे वळते. मी त्याच्या आधीच्या एका लहानशा फिल्मपासून सुरुवात करतो. १९१२ साली लंडनहून परतल्यावर दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि रोज थोड्याथोड्या चौकटी टिपत राहिले. ती फिल्म पडद्यावर चालवली तेव्हा बी रुजताना, अंकुर वर येताना, वेल वाढताना लोकांनी काही क्षणांत पाहिले. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. तीच दाखवून त्यांनी पैसा घालणाऱ्यांचा विश्वास मिळवला.

मला ही फिल्म महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. रोपाशेजारी रात्रंदिवस बसून राहिलेल्या माणसालाही रोप वाढताना दिसत नाही. दादासाहेबांच्या कॅमेऱ्याने ते दाखवले. म्हणजे आपला चित्रपट जन्माला येण्याआधीच आपल्यातल्या एका माणसाने ओळखले होते, की कॅमेऱ्याने माणसाच्या डोळ्याची नक्कल करत बसण्याची गरज नाही. कुठे उभे राहायचे, किती वेळ थांबायचे, काय दाखवायचे आणि काय वगळायचे हे नीट ठरवले, की डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीही पडद्यावर येतात. रोपाची वाढ येते, तसे माणसाचे मनही येते. आजचा माझा विषय तो आहे. चित्रपटातल्या एखाद्या पात्राला जग कसे दिसते, कसे सोसावे लागते, हे छायालेखक आपल्यापर्यंत कसे पोचवतो?

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. त्या काळच्या जगभरातल्या चित्रपटांप्रमाणे इथेही कॅमेरा बहुतेक वेळा नाटकाच्या प्रेक्षकाच्या जागी बसलेला आहे. माणसे डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, समोर येतात, बाजूने जातात. राजाचे दुःख आपण पाहतो, पण पाहतो ते रंगमंचाखालच्या खुर्चीतून. त्या खुर्चीतून उठून कॅमेरा पात्राजवळ कसा गेला, ही गोष्ट म्हणजेच चित्रपटकलेच्या वाढीची गोष्ट आहे.

पात्राचा दृष्टिकोन म्हटले की बहुतेकांच्या मनात एकच कल्पना येते. कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या जागी ठेवायचा. यालाच 'पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट' म्हणतात. सेटवर नुसते 'पीओव्ही'. तो तीन तुकड्यांत जमतो. आधी पात्राचा चेहरा, नजर कुठेतरी लागलेली. मग तिकडे जे काही आहे ते, पात्राच्या जागेवरून टिपलेले. मग पुन्हा चेहरा. मधला तुकडा एकटा दाखवला तर ती नुसती एक वस्तू असते. दोन्ही बाजूंना चेहरा आला की ती वस्तू कुणाची तरी होते, कुणाला तरी हवी असते किंवा नकोशी असते.

मग कुणाला वाटेल, सगळा चित्रपटच पात्राच्या डोळ्यांतून दाखवला तर? हा प्रयोग झालेला आहे. १९४७ साली हॉलिवूडमध्ये रॉबर्ट माँटगोमेरी यांनी 'लेडी इन द लेक' हा रहस्यपट जवळजवळ पूर्णपणे गुप्तहेराच्या नजरेतून चित्रित केला. नायक आरशासमोर आला तर दिसतो, किंवा मधूनमधून निवेदन करताना दिसतो. बाकी वेळ त्याच्या जागी कॅमेरा आहे आणि सगळी पात्रे कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. प्रयोग धाडसी होता, पण तो बघताना त्या माणसाविषयी आपल्याला जवळीक वाटत नाही. त्याला जे दिसते ते सगळे आपल्याला दिसते. दिसल्यावर त्याच्या आत काय होते ते मात्र कळत नाही, कारण त्याचा चेहराच समोर नाही. डोळे मिळाले आणि माणूस हरवला.

याच्या उलट सत्यजित राय यांच्या 'चारुलता'ची सुरुवात पाहा. चित्रपट १९६४चा, छायालेखन सुब्रत मित्र यांचे. दुपारच्या निवांत, मोठ्या घरात चारू एकटी आहे. ती दुर्बीण घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसे बघते. थोड्या वेळाने तिचा नवरा पुस्तकात डोके घालून तिच्या जवळून निघून जातो. त्याला ती दिसतही नाही. चारू दुर्बीण डोळ्याला लावते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते. काही पावलांवरच्या माणसासाठी तिला दुर्बीण लागते. इथे दुर्बिणीतली दृश्ये आहेत, म्हणजे पीओव्ही आहेच. पण आपण चारूच्या बाजूचे होतो ते त्या दृश्यांच्या अधेमधे कॅमेरा तिच्यासोबत त्या खोल्यांतून चालतो म्हणून. एकही संवाद न बोलता एका संसाराची अवस्था कळते.

या दोन चित्रपटांच्या मधोमध माझे आजचे म्हणणे उभे आहे. पात्राची बाजू आपल्याला कळते ती कॅमेरा त्याच्या शेजारी, त्याच्या उंचीवर आणि त्याला साजेल अशा अंतरावर उभा राहिला की. त्याच्या डोळ्यांत शिरणे हा त्यातला एक लहानसा भाग आहे. आणि कुणाच्या शेजारी उभे राहायचे, हा निर्णय जितका तंत्राचा आहे तितकाच नीतीचा आहे. मराठी चित्रपटाने हे फार चांगले दाखवून दिले आहे, म्हणून आता घरच्याच उदाहरणांकडे येतो.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांचा १९२५चा 'सावकारी पाश' हा जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचा चित्रपट, तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या लक्षात राहिली ती अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी तोंड वर करून रडणारे कुत्रे. मूकपट असल्यामुळे कुत्र्याचा आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते. त्या दृश्यात शेतकऱ्याचा चेहराही लागत नाही. प्रकाश इतका कमी केला आहे, की ती झोपडी त्याच्या मनाच्या अवस्थेत दिसते. प्रकाशातूनही पात्राची बाजू सांगता येते, याचे हे आपल्याकडचे फार जुने उदाहरण.

पुढे 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापुरातून पुण्याला आली. १९३४च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर मोठा करून दाखवला. हिंदी आवृत्तीत ती भूमिका चंद्रमोहन यांची होती, मराठीत केशवराव दाते यांची. लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेला तो डोळा अजून लोक विसरलेले नाहीत. मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या शॉटमध्ये आपण राजगुरूच्या डोळ्यातून जग पाहत नाही. राजगुरूचा डोळा आपल्याला पाहतो आहे. धाक निर्माण होतो तो त्यामुळे. त्याच्या हुकमाखाली असलेल्या माणसाच्या जागी आपल्याला नेऊन ठेवले आहे. डोळा एकाचा आणि बाजू दुसऱ्याची, असे सिनेमात सहज होऊ शकते.

तीन वर्षांनी 'कुंकू' आला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला, व्ही. शांताराम दिग्दर्शित, छायालेखन व्ही. अवधूत यांचे. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, अशी कथा. या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत ठेवले नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज खरोखर असतील तेवढेच. याचा छायालेखनाशी संबंध फार जवळचा आहे. नीराच्या मनातली धग सांगायला वाद्यमेळ हाताशी नसेल तर ते सगळे काम शांता आपट्यांचा चेहरा, त्या घराच्या खोल्या, दरवाजे आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्यावर येऊन पडते. एका घरात एक मुलगी एकीकडे आणि रूढी दुसरीकडे, अशी ती लढाई आहे. १९३७ साली कॅमेरा मुलीच्या बाजूने उभा राहिला, याचे मोल आजही कमी झालेले नाही.

आता मी ज्या चित्रपटापाशी जास्त वेळ थांबणार आहे तो 'फँड्री'. दिग्दर्शक नागराज मंजुळे, छायालेखक विक्रम अमलाडी. आपल्याकडे तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. नजर या एकाच गोष्टीवर हा सबंध चित्रपट तोललेला आहे, असे मला वाटते.

कैकाडी समाजातला जब्या शाळेत शालूकडे बघतो. पूर्वार्धात बघणारा तो आहे. वर्गात, रस्त्यात, जत्रेत तो तिला दुरून न्याहाळतो आणि आपण त्याच्याबरोबर न्याहाळतो. शालू जवळजवळ काहीच बोलत नाही. ती कशी आहे, तिच्या मनात काय आहे, हे आपल्याला कळत नाही, कारण ते जब्यालाही कळत नाही. चित्रपटाने आपल्याला जब्यापेक्षा जास्त माहिती मिळू दिलेली नाही. पात्राचा दृष्टिकोन सांभाळण्याचा हा एक मोठा नियम आहे: पात्राला जेवढे ठाऊक, तेवढेच प्रेक्षकाला.

उत्तरार्धात सगळे उलटते. गावाने जब्याच्या कुटुंबाला डुकरे धरायला लावले आहे. शेजारीच शाळा. मुले, गावकरी, शालूसुद्धा, सगळे बघायला जमतात. बघ्यांची हसाहस सुरू होते. आता जब्या बघणारा राहिला नाही, तो बघितला जाणारा झाला. तो भिंतीआड, झुडपाआड लपतो. कॅमेरा कधी त्याच्याबरोबर आडोशाला असतो, कधी पलीकडे, बघ्यांच्या अंगाने. एकदा आपण त्याची धडधड अनुभवतो आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये तो किती उघडा पडला आहे ते पाहतो. ही अदलाबदल जितकी वाढते तितके आपल्याला बसवेनासे होते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. डुकराच्या मागे धावणारा त्याचा बापही थांबतो.

मग डुक्कर बांबूला बांधून जब्या आणि घरची माणसे शाळेच्या भिंतीशेजारून नेतात. भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. दृश्यातल्या एकाही माणसाचे त्या चित्रांकडे लक्ष नाही. वजन पेलत सगळे चालले आहेत. लक्ष आहे ते कॅमेऱ्याचे. तो बाजूने सरळ बघतो, आणि भिंत, चित्रे, डुक्कर, माणसे एका चौकटीत येतात. क्षणभर कॅमेरा जब्याची बाजू सोडून इतिहासाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. कुणी काही समजावून सांगत नाही, सांगण्याची गरजही उरत नाही.

आणि शेवट. संतापलेला जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड थेट आपल्या अंगावर येतो. पडदा काळा होतो. या शॉटविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली तांत्रिक बाब पुढे ठेवायची आहे. व्याख्येप्रमाणे पाहिले तर हा शॉट म्हणजे ज्याच्यावर दगड फेकला त्याचा पीओव्ही आहे. सबंध चित्रपट आपल्याला जब्याच्या शेजारी बसवून ठेवणारा कॅमेरा अखेरच्या क्षणी आपल्याला त्याच्यासमोर, चिडवणाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभा करतो. जब्याबद्दल हळहळून घरी जाण्याची सोय त्याने ठेवलेली नाही. 'तू कुठल्या बाजूला आहेस?' हा प्रश्न त्याने शब्दांत विचारला नाही. कॅमेऱ्याची जागा बदलून विचारला.

आपल्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लहान मुलांच्या बाजूने उभे राहिलेले चित्रपट बरेच झाले. संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली आला, छायालेखन संजय मेमाणे यांचे. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. आता इथे दृष्टिकोन कुणाचा? नातू बघतो आहे खेळणी, रस्ते, माणसे. आजोबा बघताहेत ते बघणाऱ्या नातवाला. आपण आजोबांच्या अंगाने पाहतो, कारण उद्या काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे अगदी साधी वस्तूही सहज डोळ्यांआड होत नाही. कोकणातली हिरवाई आठवणींतून येत राहते आणि रुग्णालयाच्या फिक्या भिंतींशेजारी ती आणखी गडद वाटते. रंगांनी केलेले हे काम आहे.

अविनाश अरुण यांनी 'किल्ला' स्वतः दिग्दर्शित केला आणि छायालेखनही स्वतःच केले. २०१४च्या बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला क्रिस्टल बेअर दिले. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय नव्या मित्रांबरोबर किल्ल्यावर जातो. पाऊस कोसळतो आणि तो एकटा मागे राहतो. पडक्या भिंती, अंधारे कोपरे, पाण्याचा मारा आणि मध्ये एक छोटा मुलगा. मोठ्या माणसाच्या उंचीवरून घेतला असता तर तोच किल्ला पर्यटनाच्या जाहिरातीसारखा दिसला असता. मुलाच्या उंचीवरून घेतल्यामुळे त्या भिंती उंच होतात, आकाश दूर जाते आणि आपल्यालाही आई हवीशी वाटते. त्याच चित्रपटात आईचे एकटेपण येते ते बहुतेक अंतरावरून, कारण आईचे दुःख मुलाला तेवढेच दिसते. त्या अंतरात छायालेखकाची समज आहे.

'सैराट'चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी पुढे २०१८ साली 'नाळ' दिग्दर्शित केला. चैत्याला कळते की आपली आई आपली जन्मदाती नाही. त्यानंतर आई तीच असते, अंगणही तेच असते, पण चैत्या तिच्याकडे पुरावा शोधल्यासारखा बघू लागतो आणि आपणही तसेच बघू लागतो. पात्राचे ज्ञान बदलले की त्याच चौकटीचा अर्थ बदलतो, हे 'नाळ'मध्ये अगदी स्वच्छ दिसते.

'सैराट'चा शेवट मला पुन्हा सांगण्याची गरज नाही. २०१६च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातली कितीतरी चित्रपटगृहे त्या शेवटाने सुन्न झाली. एवढेच पाहा, की त्या प्रसंगात कॅमेऱ्याने तरुण जोडप्याच्या हत्येचा क्षण दाखवलाच नाही. त्याने त्यांच्या बाळाची सोबत धरली. बाळाला जे दिसते त्याचा अर्थ त्याला कळत नाही, आपल्याला कळतो. आवाज पूर्ण काढून टाकला आहे. घराबाहेर पडणारी रक्ताची लहान पावले तेवढी उरतात. मारेकऱ्यांच्या बाजूने तोच प्रसंग घेतला असता तर तो हाणामारीचा प्रसंग झाला असता. बाळाच्या बाजूने घेतल्यामुळे तो समाजावरचा आरोप झाला.

कॅमेऱ्याने कुणाचीच बाजू घ्यायची नाही असे ठरवले तर? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतांश वेळ एका जागी, लांब आणि स्तब्ध असतो. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालू आहे. वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली. न्यायालयात कॅमेरा ना शाहिराच्या जवळ जातो, ना वकिलांच्या, ना न्यायाधीशांच्या. चौकटीत कारकून, फायली, पंखे, आपली पाळी येण्याची वाट बघणारी माणसे, सगळ्यांना सारखी जागा. प्रथम हे कोरडे वाटते. नंतर ध्यानात येते, की ही खुद्द व्यवस्थेची नजर आहे. तिच्यासाठी एक माणूस म्हणजे एक प्रकरण. पुढे सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, तेव्हाही कॅमेरा तेवढेच अंतर राखतो. त्यांच्यावर राग धरणे आपल्याला अवघड होते. न्यायालयाच्या सुट्टीआधी दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि त्या अंधाऱ्या चौकटीसमोर आपल्याला बसवून ठेवले जाते. क्लोजअप नाकारल्यामुळे अन्याय अधिक स्पष्ट दिसतो, हे 'कोर्ट'ने सिद्ध केले. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मान मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले.

श्रोतेहो, आता हे सगळे आपल्या सानपाड्यात आणू. समजा, तुमच्यापैकी कुणी उद्या सानपाडा गावावर लघुपट करायला घेतला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. सानपाडा त्यांतले एक. भातशेती गेली, मिठागरे गेली, सेक्टर आले, रेल्वे आली, पाम बीच मार्ग आला. पुढे साडेबारा टक्क्यांच्या योजनेतून जमीन गेलेल्यांना भूखंड मिळाले, त्यावरही इमारती उठल्या. तुमच्या लघुपटातले मुख्य पात्र म्हणजे गावठाणातल्या घराच्या ओट्यावर बसलेले एक आगरी आजोबा. समोर टॉवर आहे. त्या टॉवरच्या जागी त्यांच्या घरची शेती होती. शॉट कसा लावाल?

पहिला मार्ग सगळ्यांत सोपा. ड्रोन उडवायचा. वरून सेक्टरांचे सरळ रस्ते दिसतील आणि मध्ये गावठाणाची दाट, वाकडीतिकडी घरे. चित्र सुरेख येईल, पण ही नजर आराखडा करणाऱ्याची झाली. तिथून गावठाण म्हणजे नकाशातली अडचण वाटते. आजोबा तर त्यात ठिपकासुद्धा नाहीत.

दुसरा मार्ग, समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून ८५ मिलिमीटरची लेन्स लावून आजोबांचा चेहरा टिपायचा. चेहरा मोठा दिसेल, मागची घरे पुसट होतील, चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल. पण लांबून, त्यांच्या नकळत घेतलेला चेहरा आहे तो. ते तुमच्याकडे बघत नाहीत आणि तुम्ही त्यांच्याशी बोललेला नाहीत.

तिसरा मार्ग. २४ किंवा २८ मिलिमीटरची लेन्स घ्या आणि त्यांच्याजवळ ओट्यावर बसा. कॅमेरा त्यांच्या बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. पडद्यावर चेहरा तेवढाच मोठा ठेवायचा तर आता तुम्हाला त्यांच्यापासून हातभर अंतरावर जावे लागेल. तेवढ्या जवळ जायला परवानगी लागते, ओळख लागते, दोन-चार दिवस नुसते बसून चहा घ्यावा लागतो. आता चौकटीत त्यांचा गुडघा येतो, ओट्याची झिजलेली कड येते, गल्लीतून जाणाऱ्यांचे पाय येतात, आणि वर टॉवर येतो, पण अर्धाच, कारण बसलेल्या माणसाला मान वर केल्याशिवाय तो पूर्ण दिसत नाही. मग ते मान वर करतात तेव्हा कॅमेराही वर न्यावा की त्यांच्या चेहऱ्यावर थांबावे, हा निर्णय उरतो. माझे मत विचाराल तर चेहऱ्यावर थांबा. टॉवर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याच्याकडे बघताना त्यांचा चेहरा कसा होतो, तो आपण पाहिलेला नाही.

एकच माणूस, एकच ओटा, एकच टॉवर. तीन जागी कॅमेरा ठेवला आणि तीन वेगळे चित्रपट झाले. पहिल्यात शहर बोलते, दुसऱ्यात छायालेखकाची हौस बोलते, तिसऱ्यात आजोबा. छायालेखनात सगळ्यात अवघड काय, असे कुणी विचारले तर मी लेन्स किंवा दिव्यांचे नाव घेणार नाही. त्या ओट्यावर बसण्याचा हक्क मिळवणे सगळ्यात अवघड.

एक शंका इथे येऊ शकते. शेजारी बसलेला कॅमेरा आंधळा कैवार घेणार नाही का? चांगला छायालेखक ती काळजी घेतो. जवळ जाणे म्हणजे होकार देणे नव्हे. ताम्हाण्यांच्याच 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय संगीताचा साधक शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलने जातो आणि त्याच्या कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची ध्वनिमुद्रित वचने चालू असतात. छायालेखक मिहाऊ सोबोचिन्स्की यांनी ते प्रवास संथ गतीत घेतले आहेत. आपण शरदच्या अगदी जवळ असतो, त्याच्या कानात जे आहे तेच ऐकतो, आणि तरीही चित्रपट पुढे सरकतो तशी आपल्या मनात शंका वाढते, की या वचनांनी त्याला उभे केले की अडकवले. पात्राच्या शेजारी बसूनही प्रेक्षकाला विचार करायला मोकळीक राहते. कॅमेरा प्रामाणिक असेल तर ती राहतेच.

आज या सभागृहात जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दादासाहेबांना ज्यासाठी विमा पॉलिसी गहाण ठेवावी लागली, ते यंत्र आपल्याला सहज मिळाले. पण आपण बहुतेक सगळे उभ्याने, स्वतःच्या छातीच्या उंचीवरून, स्वतःच्या घाईने चित्रण करतो. शाळेच्या संमेलनात मुले आपल्याला वरून दिसतात. आजारी आजीचा व्हिडिओ आपण पलंगाशेजारी उभे राहून काढतो, त्यात ती लहान आणि असहाय दिसते. घरकाम करायला येणाऱ्या ताई आपल्या घरगुती चित्रणात पाठमोऱ्या निघून जातात. रस्त्यावर अपघात झाला तर जखमी माणसाभोवती फोन वर धरले जातात, आणि 'फँड्री'तल्या बघ्यांची रांग तयार होते. हे कुणी मुद्दाम करत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा याचा विचारच आपण केलेला नसतो, आणि न विचार करता ठेवलेला कॅमेरा नेहमी बलवानाच्या उंचीवर जातो. माझ्या आजच्या सबंध बोलण्याचा निष्कर्ष एवढाच आहे.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या करून थांबतो. पहिली प्रेक्षक म्हणून. या आठवड्यात मी नाव घेतलेल्यांपैकी एक चित्रपट घरी पुन्हा लावा, मुलांना शेजारी बसवा आणि एखाद्या प्रसंगाचा आवाज पूर्ण बंद करून तो पाहा. कॅमेरा किती उंचीवर आहे, किती जवळ आहे आणि पात्राला ठाऊक नाही असे काही आपल्याला सांगतो आहे का, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारा. त्यांना उत्तरे आपल्यापेक्षा लवकर सापडतील.

दुसरी सानपाडाकर म्हणून. ज्यांनी इथली भातशेती आणि मिठागरे डोळ्यांनी पाहिली ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गावठाणातल्या तरुण मुलामुलींनी त्यांच्याजवळ जाऊन, त्यांच्या बरोबरीने बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून त्यांचे बोलणे मुद्रित करावे. मध्ये बोलू नये, घाई करू नये, ते गप्प झाले तरी चित्रण लगेच बंद करू नये. हे काम कुठल्याही संस्थेची वाट न बघता या रविवारी सुरू करता येईल. ते कृपा करून सुरू करा.